परदेशातली बालवाडी आणि घरची मराठी

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यामार्गे जर्मनीला गेलेले तरुण आता इतके झाले आहेत की, अमळनेर-चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावीही म्युनिक आणि स्टुटगार्ट ही नावे नाशिक-सुरतेच्या सहजतेने कानावर पडतात. ही मंडळी दोन-तीन वर्षांचे मूल घेऊन तिकडे पोहोचली की घरापाठोपाठ बालवाडीचा प्रश्न येतो, आणि त्याची चर्चा तिथल्या स्वयंपाकघरापेक्षा इथल्या ओट्यावर अधिक रंगते. मी स्वतः बालवाडीत व नंतर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे, आणि माझी नात सध्या म्युनिकच्या बालवाडीत जाते. या चर्चेत आम्हा आजी-आजोबांकडून जो सल्ला हमखास दिला जातो, तो मुलांच्या हिताचा नाही असे माझे मत झाल्याने हे पत्र लिहीत आहे.

तो सल्ला असा की, जर्मन भाषा पुढे कुठे उपयोगी पडणार, त्यापेक्षा पैसे मोजून इंग्रजीची आंतरराष्ट्रीय बालवाडी गाठावी, आणि बाळाच्या डोक्यात गोंधळ नको म्हणून आईवडिलांनी घरीही इंग्रजीच बोलावे. यात दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत. घरात सहजपणे येणारी मराठी बाजूला सारून आईवडील स्वतःच अडखळत बोलतात ती इंग्रजी मुलाला दिली, तर त्याच्या वाट्याला समृद्ध अशी एकही भाषा येत नाही. दुसरीकडे बागेत, दुकानात, शेजारी आणि पुढे सहाव्या वर्षी सुरू होणाऱ्या सरकारी शाळेत जी भाषा लागणार आहे, ती जर्मन मात्र दारातच थांबते.

दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. वास्तविक द्विभाषिक मुलाचे एकेका भाषेतले शब्द समवयस्कांपेक्षा काहीसे कमी भरले, तरी दोन्ही भाषांतले मिळून मोजले असता ते सर्वसाधारणपणे बरोबरीचेच भरतात. एकाच वाक्यात दोन्ही भाषांचे शब्द येणे हेही बिघाडाचे लक्षण मानले जात नाही. जुल रोंजा या फ्रेंच अभ्यासकाने आपल्या मुलाच्या फ्रेंच-जर्मन वाढीची तपशीलवार नोंद १९१३ मध्येच प्रसिद्ध केली होती. आई एका भाषेत आणि वडील दुसऱ्या भाषेत, ही त्याने पाळलेली पद्धत आजही अनेक घरांत वापरली जाते. आपल्या घरांत तर आईवडील दोघेही मराठीच बोलतात, त्यामुळे घरात एक आणि उंबरठ्याबाहेर दुसरी, एवढी सोपी विभागणी पुरेशी आहे.

खानदेशातल्या माणसाला हे शास्त्र शिकवावे लागू नये. आजीने अहिराणीत ‘काय करी ऱ्हायनी?’ असे विचारावे, नातीने तिला अहिराणीतच उत्तर द्यावे आणि अर्ध्या तासाने वर्गात बाईंशी प्रमाण मराठीत बोलावे, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. ज्या मुलांना अडचण आली, ती दोन भाषांमुळे आली नाही; घरच्या बोलीला वर्गात हसले गेले, तिथे ती आली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचे पावरी किंवा भिल्ली बोलणारे मूल अंगणवाडीत आल्यावर महिनोन्‌महिने गप्प बसते. पण सेविका त्याच्या बोलीतली निघाली, तर तेच मूल थोड्या दिवसांत गाणी म्हणू लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, त्यामागे हीच दृष्टी होती. परदेशातली बालवाडी पारखतानाही माझ्या मते पहिली कसोटी हीच असावी: मुलाच्या घरच्या भाषेकडे तिथल्या बाई कशा नजरेने पाहतात?

बालवाडी पाहायला गेल्यावर हे पाच मिनिटांत कळते. ‘घरी जर्मनच बोलत जा’ असा आग्रह धरणारी शिक्षिका प्रेमळ असली, तरी तिथे नाव घालण्यापूर्वी मी दोनदा विचार करीन. उलट, ‘तहान लागली, शू आली, दुखतंय, आई हवी यांना तुमच्याकडे काय म्हणतात ते लिहून द्या’ असे जी सांगते, तिच्या हाती मूल निर्धास्तपणे द्यावे. अशी दहा-पंधरा शब्दांची यादी जर्मन उच्चारांनुसार लिहून आपणच पुढे केली, तर उत्तमच. त्याखेरीज शिक्षिका वरचेवर बदलतात का, एका गटात मुले किती, जेवणात शाकाहाराची सोय कितपत आहे, हे विचारावे. भिंतीवरची रंगरंगोटी आणि पाटीवरचा ‘इंटरनॅशनल’ हा शब्द यांवरून काहीही ठरवू नये. जळगावातल्या पाट्यांवरूनही कुठे काही ठरते!

तिथल्या व्यवस्थेची थोडी माहिती इथल्या वडीलधाऱ्यांना असली, तर अर्धी काळजी मिटेल. तीन वर्षांखालील आणि तीन ते सहा या दोन्ही वयोगटांच्या संगोपनगृहांना तिकडे मिळून ‘किटा’ म्हणतात. १ ऑगस्ट २०१३ पासून वयाची एक वर्षाची मर्यादा ओलांडलेल्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र मोठ्या शहरांत जागा अपुऱ्या आहेत आणि नाव बरेच महिने आधी नोंदवावे लागते. शुल्काचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. बर्लिनमध्ये २०१८ पासून संगोपनाचे शुल्क घेतले जात नाही, जेवणाचा खर्च तेवढा द्यावा लागतो. सुरुवातीला आई किंवा वडील मुलाबरोबर वर्गातच बसतात. बर्लिन पद्धत म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात पहिले तीन दिवस मुलाला एकटे सोडतच नाहीत, आणि पुढेही मूल रुळेपर्यंत काही आठवडे हा क्रम सावकाश चालतो. आपल्याकडे रडणारे मूल फाटकातून आत ओढून घेण्याची जी रीत होती, आणि मी ती जवळून पाहिली आहे, तिच्यापेक्षा ही रीत कितीतरी शहाणपणाची आहे. नव्या नोकरीतून रजा काढणे तरुणांना जड जाते, हे खरे. पण रजा वाचवायची असेल तर ती दुसऱ्या कुठल्यातरी कारणासाठी वाचवावी.

या किटांमध्ये अक्षरे गिरवून घेत नाहीत. मुले वाळूत खेळतात, पावसातही रबरी विजार चढवून चिखलात उतरतात, भाजी चिरायला शिकतात आणि गोष्टी ऐकतात. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये ज्या देशात ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, तिथे आजही खेळ हाच अभ्यास मानला जातो. इथून व्हिडिओ कॉलवर ‘ए टू झेड म्हणून दाखव’ असा आग्रह धरणाऱ्या आजोबांना म्हणूनच नातवंड काहीच शिकत नाही, असे वाटत राहते.

नव्या भाषेत पडलेले तीन वर्षांचे मूल कित्येक आठवडे, कधी काही महिने, फारसे बोलत नाही. या काळात ते ऐकत आणि समजून घेत असते, म्हणून घाबरून त्याला इंग्रजी बालवाडीत हलवू नये. मूल घरी मराठीतही आपल्या वयाच्या मानाने फार कमी बोलत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवावे. मूल जर्मनमध्ये मागे राहील, ही भीतीही अवाजवी आहे, कारण शाळेपूर्वी भाषेची चाचणी घेऊन गरजूंना मदत देण्याची सोय अनेक राज्यांत आहे. बव्हेरियात तर त्यासाठी २४० तासांचा वर्ग असतो.

इंग्रजी बालवाडी सर्वस्वी वर्ज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. कंपनीने वर्ष-दीड वर्षासाठी पाठवले असेल आणि पुढचा मुक्काम सिंगापूर किंवा पुन्हा पुणे हे ठरलेलेच असेल, तर इंग्रजीचा विचार रास्त आहे. ज्यांना तिथेच काही वर्षे राहायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र वस्तीतली साधी किटाच बरी, कारण तिथेच मुलाला पायी जाण्याच्या अंतरावरचे सवंगडी मिळतात.

मराठी टिकवण्याची जबाबदारी यातून हलकी होत नाही, उलट वाढते. दिवसातले सात-आठ तास जर्मन ऐकणाऱ्या मुलाला मराठी केवळ दोन माणसांच्या तोंडून ऐकू येते, आणि ती ‘जेव, झोप, चल’ एवढ्यावर थांबली तर पाच वर्षांचे होईतो मूल मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते, अशी स्थिती येते. इथे आजी-आजोबांना खरे काम आहे. जर्मनीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. तिथे दुपारी चारला मूल घरी येते, तेव्हा आपल्याकडे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात. ही वेळ दूरचित्रवाणी मालिकांना न देता नातवंडांना गोष्ट सांगण्यासाठी राखावी. बहिणाबाईंच्या ओव्या म्हणाव्यात, भरीत कसे भाजले ते कॅमेऱ्यासमोर दाखवावे, अहिराणी येत असेल तर अहिराणीतही बोलावे.

एक शेवटची, अगदी व्यवहाराची गोष्ट. १ मार्च २०२० पासून जर्मनीत गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात प्रवेश मिळत नाही. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला एक मात्रा आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्याला दोन मात्रा झालेल्या असाव्या लागतात. आपल्या सरकारी दवाखान्यातले लसीकरणाचे कार्ड अनेकदा मराठीत असते आणि गडबडीत गावाकडच्या कपाटातच राहून जाते. ज्यांच्या घरचे मूल येत्या काही महिन्यांत जाणार आहे, त्यांनी ते कार्ड शोधून, डॉक्टरांकडून इंग्रजीत तारखांसह प्रमाणपत्र करून घेऊन, पासपोर्टच्याच पाकिटात ठेवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव