सुई टोचून मोकळे होऊ नका

सेंट ऑगस्टीन, त्रिनिदाद

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "व्हिसाचा फॉर्म कधी भरायचा?" भरायचाच नाही. भारतीय पासपोर्टवर इथे ९० दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही. पियार्को विमानतळावर परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय विचारतात. माझा पत्ता-फोन दोघांनीही कागदावर लिहून जवळ ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

व्हिसा लागतो तो वाटेतल्या देशाचा. मुंबईहून इथे थेट विमान नाही आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा हवाच. ताईकडे न्यू जर्सीला गेला होतात तेव्हाचा दहा वर्षांचा व्हिसा अजून चालू आहे, म्हणून न्यूयॉर्कमार्गेच तिकीट बघतेय. बाबांचा व्हिसा जुन्या पासपोर्टात आहे. तो चालतो, पण जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत. जुना कपाटात राहिला तर मुंबईतच अडवतील.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. पिवळा ताप डासांमुळे पसरतो, आणि भारताच्या यादीत त्रिनिदाद हा त्या तापाचा प्रदेश आहे. त्यामुळे इथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसलं, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. म्हणजे अडचण येताना नाही, घरी परतताना आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, आणि मग जन्मभर चालते.

बाबा, तुम्ही म्हणालात, "सुई टोचून मोकळे होऊ." कृपा करून असं करू नका. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्याला तिचा गंभीर त्रास होण्याची शक्यता वाढते. आणि आई, तुझ्या संधिवाताच्या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या आहेत. डॉक्टरांना गोळ्यांचं पाकीट दाखव आणि स्पष्ट विचार. केंद्रावरही ते लपवू नकोस. माझ्याकडे येण्याच्या घाईत तू काही बोलणार नाहीस, हे मला ठाऊक आहे, म्हणून इतकं बजावून सांगतेय.

डॉक्टर नको म्हणाले तरी येणं रद्द करायचं नाही. परतताना दोघंही ताईकडे दहा दिवस राहा. त्रिनिदाद सोडून सहा दिवस उलटले की तो नियम लागू होत नाही. ताईशी बोलले आहे, तिने खोली रिकामी करायला घेतलीसुद्धा. ही लस इथे मुख्यतः दाट जंगलात जाणाऱ्यांना घ्यायला सांगतात, आणि तिकडे मी तुम्हाला नेणार नाही. डासांपासून मात्र जपायचंच.

बाबांची लष्करी छापाची टोपी घरीच ठेवा. इथे सामान्य माणसाने तसं कापड घालणं कायद्याने गुन्हा आहे, अगदी लहान मुलांनीसुद्धा.

शेजारच्या घरी वडिलांच्या आईला 'आजी'च म्हणतात. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन इथे लागलं, त्यानंतर आलेल्या भोजपुरी कुटुंबांमधून हा शब्द टिकून आहे. पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी फाटकाशीच थांबले होते. त्या आजी रोज विचारतात, तुझी आई कधी येणार?

डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. ते काय म्हणाले ते कळलं की लगेच तिकीट काढते.

तुमची लेक