बोलण्यातली सुरी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

ऑक्सफर्डची बॉडलियन लायब्ररी तुझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर आहे म्हणालीस, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरात तिलांतोंगो नावाचं लहानसं गाव आहे. हजारेक वर्षांपूर्वी ती मिश्टेक लोकांची मानाची राजधानी होती. हे लोक स्वतःला पावसाचे लोक म्हणवतात. तेव्हा जन्मदिवसाचं नाव, म्हणजे एक आकडा आणि एक चिन्ह, हेच माणसाचं नाव असे. ‘आठ हरीण’ हा तिथल्या मुख्य पुजाऱ्याचा मुलगा, जन्म १०६३चा. गादीवर त्याचा हक्क नव्हता. त्याने आधी समुद्रकाठचं तुतुतेपेक हाताखाली घेतलं, १०९७ साली नाक टोचून राजपदाचा पिरोजा खडा चढवला आणि मग तिलांतोंगोची गादी मिळवली. डोंगर आणि किनारा एका हाताखाली आणणारा हाच.

पण मला सांगायचंय ते शेजारच्या हाल्तेपेकच्या राणीबद्दल. तिचं नाव ‘सहा माकड’. तिची हकिकत असलेली पोथी तुझ्या त्या लायब्ररीत आहे. हरणाच्या कातड्याची सुमारे ५ मीटर लांब पट्टी, वर पांढरा लेप, घड्या घातलेली. अक्षरं नाहीत, सगळी चित्रंच. माणूस बोलतोय हे दाखवायला तोंडातून एक वळणदार रेघ काढतात. सासरी जायच्या आधी दोन सरदार तिला लागेल असं बोलले. चित्रकाराने त्यांच्या त्या रेघांना चकमकीच्या दगडाची सुरी जोडली आहे. तिने दोघांनाही लढून पकडलं आणि बळी दिलं.

पुढे ११०१ साली आठ हरिणाने तिच्या सासरचं गाव जिंकलं. ती आणि तिचा नवरा, दोघंही मारले गेले. तिचा लहान मुलगा ‘चार वारा’ तेवढा त्याने जिवंत सोडला. त्याच मुलाने १११५ साली त्याला संपवलं. चौदा वर्षं त्या पोराने काय मनात धरलं असेल, याचा विचार करून मला अजून झोप लागत नाही.

तू निघालीस त्या रात्री दारात मी जे बोललो, ते मला तेव्हाच कळलं होतं. आई म्हणाली, फोन कर. झाला नाही. मुक्ता, माझं चुकलं.

ती पोथी बघायला मिळते का, चौकशी कर. मिळाली तर ती दोन माणसं शोध आणि मला कळव, सुरी कोणत्या रंगाची आहे.

तुझा
बाबा