दांडिया बाजारच्या काकांना, जाहीर आभार

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणता आणि सेव-उसळ मागवून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. शिवाय इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमच्यासारखी छोटी युनिट्स पुष्कळ आहेत. स्टोअरचा सगळा हिशेब कुणीतरी कधीकाळी करून दिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो आणि करून देणारा आता फोन उचलत नाही. त्यांच्याही कामी येईल.

आमचं दुखणं असं होतं. प्रोग्रॅम व्हीबी डॉट नेट या भाषेतला, मागे डेटा ठेवायला एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. डेटाबेस वर अकाउंट्सच्या मशीनवर, मी खाली स्टोअरच्या मशीनवर. खिडकीच्या तळाशी एक हिरवा ठिपका आणि शेजारी ‘कनेक्टेड’. आवक-जावक मी रोजच्या रोज चढवत होते, ‘सेव्ह झाले’ असंही येत होतं, आणि वर त्याच गॅस्केटची शिल्लक भलतीच दिसत होती. "बेन, एन्ट्री रही गई लागे छे," हे ऐकून ऐकून कान किटले. ठिपका हिरवा आहे ना, मग चूक स्टोअरवालीचीच, असा सरळ हिशेब.

आईंच्या भजनी मंडळातल्या काकूंनी तुमचं नाव सुचवलं. बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही आलात आणि कीबोर्डला हातसुद्धा न लावता म्हणालात, "नेटवर्कची वायर काढ."

मी मशीनच्या मागची निळी वायर काढली. ठिपका हिरवाच. "त्याचं काही विशेष नाही," तुम्ही म्हणालात, "तो जुन्या आठवणीवर हिरवा असतो. आता एक एन्ट्री कर." मी दहा नट-बोल्टची खोटी आवक टाकली. सेव्ह झाली! वायर माझ्या हातात, मशीनला वायफाय नाही, आणि एन्ट्री सेव्ह. तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसलात. "मग हा डेटा जातोय कुठे?"

जात कुठेच नव्हता. तुम्ही डेटाबेसलाच त्याचं नाव विचारलंत. डेटाबेसचं नाव बरोबर आलं, त्यावर विसंबू नकोस म्हणालात, कारण नकलेचं नावही तेच असतं. मग सर्व्हरप्रॉपर्टी या फंक्शनमधून मशीनचं नाव विचारलंत. (त्याऐवजी @@सर्व्हरनेम का नाही, तर इन्स्टॉल केल्यानंतर मशीनचं नाव बदललं असेल तर ते जुनंच नाव सांगत बसतं.) उत्तर आलं ते माझ्याच मशीनचं. प्रोग्रॅमने कुठे जोडायचं ते लिहिलेली कॉन्फिग फाईल उघडली तर डेटा सोर्सपुढे एक टिंब, उलटी तिरकी रेघ आणि एसक्यूएलएक्सप्रेस. टिंब म्हणजे हेच मशीन. डिस्क बदलली तेव्हा दुरुस्तीवाल्याने जुन्या सेटअपवरून सगळं परत टाकलं होतं, त्यात डेटाबेसची जुनी प्रतही आली आणि हे टिंबही. प्रोग्रॅम खोटं बोलत नव्हता. जोडलेला होता, फक्त भलतीकडे.

ठिपक्याचं तुम्ही समजावलंत ते तर आमच्या शेठनाही कळलं. प्रोग्रॅम सुरू होताना एकदा कनेक्शन उघडतं, ‘ओपन’ अशी नोंद होते, ठिपका हिरवा होतो. ती नोंद प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीतली. पुढे सर्व्हर बंद पडला तरी पुढची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, जाऊन आपटेपर्यंत तिला पत्ता नसतो. बंद करून परत उघडलं तरी पूलमधलं, म्हणजे परत वापरायला राखून ठेवलेल्यांतलं, जुनंच कनेक्शन हातात येऊ शकतं. फोन कानाला लावला म्हणजे पलीकडे माणूस आहे असं नव्हे, हॅलो म्हणून बघावं लागतं. ते हॅलो म्हणजे ‘सिलेक्ट १’. एवढीशी क्वेरी पाठवायची, १ परत आला तर खरं.

काम तिथेच संपलं होतं, पण तुम्ही चहा घेऊन संध्याकाळपर्यंत बसलात आणि खरोखरच जोडलं गेलं नाही तर काय बघायचं तेही शिकवलंत. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून त्या मशीनला मारलेल्या हाकेला, उत्तर आलं तर मशीन जागं आहे एवढंच कळतं, डेटाबेसचं काही कळत नाही. प्रोग्रॅम बाजूला ठेवून तपासायचं तर नोटपॅडची रिकामी फाईल करून तिचं एक्स्टेंशन यूडीएल करायचं. डबल-क्लिक केलं की सर्व्हरचं नाव, लॉगिन आणि ‘टेस्ट कनेक्शन’चं बटण समोर येतं. तिथे जमलं आणि प्रोग्रॅममध्ये नाही, तर दोष प्रोग्रॅमच्या बाजूला. हा प्रकार विंडोजमध्ये आयता पडलेला असतो आणि कुणी सांगत नाही, याचा मला अजून राग येतो.

आणि एररचे आकडे. १८४५६ आला तर घाबरायचं नाही, उलट बरं वाटून घ्यायचं, कारण रस्ता ठीक आहे, सर्व्हर भेटला, फक्त लॉगिन नाकारलं. ४०६० म्हणजे लॉगिन चाललं, पण मागितलेला डेटाबेस उघडत नाही. २६ म्हणजे सर्व्हर किंवा त्यावर चालणारा एसक्यूएल सर्व्हरचा इन्स्टन्सच सापडत नाही, तेव्हा नाव नीट लिहिलंय का, एसक्यूएल सर्व्हरची ब्राउझर सर्व्हिस चालू आहे का, फायरवॉलने १४३४ नंबरचा पोर्ट अडवलाय का, ते बघायचं. आमच्याकडे पडदा पांढरा पडून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं की जो तो प्रोग्रॅम मारून टाकायचा. कनेक्शनची मुदत मुळात १५ सेकंदांची असते, तेवढा धीर धरला तरच एरर वाचायला मिळतो. आता फळ्यावर लिहून ठेवलंय: आधी वाचा, मग मारा.

नकलेतल्या एन्ट्री मूळ डेटाबेसमध्ये न्यायचं काम किचकट होतं, कारण दोन्हीकडे तेच अनुक्रमांक वेगवेगळ्या मालाला पडले होते. तुम्ही तारीख आणि चलन नंबर लावून जुळवलंत. सोर्स कोड शेठच्या कपाटातल्या एका सीडीवर निघाला, म्हणून ठिपकाही बदलता आला. आता तिथे सर्व्हर मशीनचं नाव, डेटाबेसचं नाव आणि शेवटचं उत्तर कधी आलं ती वेळ दिसते. वेळ पुढे सरकायची थांबली की मी वर फोन करते.

पण माझे आभार या सगळ्यापेक्षा एका वाक्याचे आहेत. शेठ आणि अकाउंट्सवाले उभे असताना तुम्ही म्हणालात, "एन्ट्री एकही राहिलेली नाही. सगळ्या आहेत, फक्त दुसऱ्या मशीनवर." त्यानंतर मला कुणी काही म्हटलं नाही.

बॅकअपचं राहिलंय. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा एजंट नसतो म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरवरून लाव म्हणाला होतात, ती बॅच फाईल लिहिली आहे आणि रात्री चालतेही. पण बॅकअप त्याच डिस्कवर पडतो, आणि यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. शेठनी बाहेरची डिस्क मंजूर केली आहे. हातात आली की फोन करते. काकूंना नमस्कार.

तुमची,
मकरपुऱ्याची स्टोअरवाली