मागचा दिसतोय ना?

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही होड्या घेऊन नदीत उतरणार, त्यावरून परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आम्ही आठ जण आहोत रे, कसली काळजी करतोस?" मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पण ते आठ काही डोक्यातून जाईनात. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना मीही असाच आठांतला एक होतो, आणि रॅपिड, म्हणजे नदीचा खडकाळ, फेसाळता उतार, उतरून खाली आल्यावर माणसं मोजली तर सातच भरली होती.

ही गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. आज पुरी सांगतो.

दिवस असेच होते. वर डोंगरात बर्फ वितळायला लागलेलं, नदी काठोकाठ, पाणी मातकट आणि इतकं गार की बोट बुडवलं तरी कळ हाडापर्यंत जावी. सहा कयाक, म्हणजे वरून बंद अशा एकट्याच्या होड्या, आणि दोघांची एक उघडी कनू. पुढे वाट काढणारा एक, शेवटी आमच्यातला सगळ्यांत तरबेज गडी, आणि त्याच्या लगेच पुढे मी. रॅपिड तिसऱ्या दर्जाचं, म्हणजे सहांपैकी मधलं. एकेक करून सगळे उतरलो, खालच्या मोठ्या एडीत, म्हणजे आडोशाच्या संथ पाण्यात, गोळा झालो आणि कोण कुठे आपटलं याच्या गप्पांना ऊत आला. मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. तो पट्टीचा, त्याच्याकडे काय बघायचं?

मग वळणावरून पांढरं काहीतरी आलं. मेलेल्या माशाचं पोट वर यावं तशी उलटी कयाक, सावकाश, स्वतःभोवती फिरत. तिच्यामागून वल्हं. वल्ह्यामागून काहीच नाही.

कयाका काठावर ओढल्या आणि दगडधोंड्यांतून वर धावलो. तो वळणाच्या पलीकडे कमरेपर्यंत पाण्यात होता. बोटं मिटत नव्हती, म्हणून झाडाची मुळी त्याने कोपराच्या बेचक्यात अडकवून धरली होती. ओठ निळे. वर काढल्यावर हेल्मेटचा बंदसुद्धा त्याला सोडवता येईना, तो मी सोडवला. तो एवढंच म्हणाला, "शिट्टी मारली होती रे." मारली असणार. पण पाण्याच्या आवाजात आणि आमच्या खिदळण्यात ती कुठली ऐकू येते! त्याने मला कधीही बोल लावला नाही, आणि तेच मला अजून जड जातं.

चालताना, गर्दीत, जिन्यावर मी सारखा मागे वळून बघतो म्हणून तू माझी नक्कल करतेस ना, त्याचं मूळ हे आहे.

तेव्हा तुला जायला नको म्हणणार नाही. मागणी एकच: तुझ्या मागचा माणूस ही तुझी जबाबदारी. म्होरक्या वाट बघेल, शेवटचा सगळ्यांना सांभाळेल, ते त्यांचं काम. पण रांगेतल्या प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला नजरेत ठेवायचं. तो दिसेनासा झाला की पहिल्या जमेल त्या एडीत शिरून थांबायचं. तू थांबलीस की तुझ्या पुढच्याला तू दिसणार नाहीस, म्हणजे तोही थांबेल, आणि असं करत सगळी माळ थांबते. ओरडायला लागत नाही. ओरडून ऐकूही जात नाही म्हणा. शेवटच्याकडेही कोणीतरी बघत असायला हवं, आणि तो कितीही तरबेज असला तरी बघायला हवं.

थंड पाण्याचं गणित तुम्हाला शिकवलं असेल: एक, दहा, एक. गोठायच्या बेताला आलेल्या पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. मग सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे. शुद्ध हरपायला साधारण तासभर. ऐकताना तो तास दिलासा वाटतो, पण बोटांना दोरी धरता येत नसेल तर त्या तासाचं करायचं काय? खरा हिशेब दहा मिनिटांचाच. आमच्या गप्पांत त्यातली किती गेली कोण जाणे. म्हणून कपडे हवेचा नव्हे, पाण्याचा विचार करून घाल. काठावर ऊन छान असतं, सगळे फसतात. सुती तर अंगावर नकोच.

आणि "मला रोल येतो" हे मला सांगू नकोस. त्यालाही येत होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा दम उरला नाही. उलटलेली कयाक बसल्या जागी सरळ करायची ही विद्या मुळात उत्तर ध्रुवाकडच्या शिकाऱ्यांची. त्या पाण्यात कयाक सुटली की माणूस गेला, म्हणून त्यांना ती जमवावीच लागली. युरोपात ती उशिरा पोचली. १९२७ साली हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने केलेला रोल हा तिथला नोंद असलेला पहिला. तलावात दहापैकी दहा जमणारा रोल गार, फेसाळ पाण्यात किती वेळा जमेल, हे आधी सांगता येत नाही.

वसंतातली नदी दिवसभर एकसारखी नसते. सकाळी बघितलेलं रॅपिड दुपारी दुसरंच असतं, कारण उन्हाने वितळलेलं बर्फ काही तासांनी खाली पोचतं. उतरण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोव आणि जेवून झाल्यावर बघ, पाणी कुठे आलंय ते. मधोमध काटक्या, पाला, फेस वाहायला लागला की समज, पाणी चढतंय.

चढलेलं पाणी काठच्या झाडांत शिरतं, आणि मला खडकापेक्षा झाडाचं भय जास्त वाटतं. खडकावर आदळणारं पाणी उशीसारखं फुगून थोडं तरी बाजूला ढकलतं. आडव्या पडलेल्या झाडातून मात्र ते चाळणीतून जावं तसं आरपार जातं आणि माणूस मागे राहतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला अशी झाडं हमखास. पोहत असशील तर पाठीवर, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला. वाहत्या पाण्यात उभं राहायचा मोह टाळ, पाय दगडांच्या फटीत अडकला की पाणी वरून दाबून धरतं. पण समोर झाड आलं आणि चुकवता येत नसेल तर सगळं उलटं: पालथी हो, डोकं पुढे कर, जोरात पोहत जा आणि अंग खोडावर चढव. हे वाचून भागत नाही. संथ पाण्यात एक ओंडका बांधून आठही जणांनी करून बघा.

तुमच्यात कनूवाले दोघे आहेत म्हणालीस. ती उघडी होडी; पाणी भरलं की अर्धा टन सहज होते. भरलेल्या कनूच्या खालच्या अंगाला कधीही राहू नकोस, तिच्यात आणि खडकात सापडलीस तर कोणाच्या बापाला सोडवता येणार नाही. मीच तुझा बाप, म्हणून सांगतो. आधी माणूस, मग होडी, आणि वल्हं गेलं तर जाऊ दे.

खुणांमधली एक मला फार आवडते. काठावरून वाट दाखवणारा धोक्याकडे बोट करत नाही, जिकडून जायचं तिकडे करतो. लाटांत बसलेल्याला फक्त बोटाची दिशा दिसते, त्यामागचा अर्थ विचारायला वेळ नसतो. आम्ही आईबाप जन्मभर नेमकं उलटं करतो. हे पत्रच बघ की.

एखादं रॅपिड बघून पोटात गोळा आला तर कयाक खांद्यावर टाक आणि काठाने चाल. मात्र चाललीस तर खाली फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन उभी राहा. दोरी हातात धर, अंगाला बांधू नकोस. पिशवी पोहणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे पडायला हवी. अलीकडे पडली तर त्याच्या हाती काही लागत नाही.

तुझ्या लाइफ जॅकेटला नवीन शिट्टी बांधून ठेवली आहे. जुन्या शिट्टीतली गोटी ओली झाली की अडकायची, हिच्यात गोटीच नाही. हॉलमध्ये एकदा वाजवून पाहिली. आई आतून धावत आली, आणि पुढची दहा मिनिटं कोणत्याही शिट्टीची गरज पडली नाही.

पाण्याबाहेर निघालात की फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. स्प्रे डेकची, म्हणजे कमरेभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या झाकणाची, पुढची पट्टी बाहेर राहिली आहे ना, ते दर वेळी दुसऱ्या कोणाकडून बघून घे. घाईत ती आत अडकते आणि उलटं झाल्यावर डेक सोडवायला हाताला काही लागत नाही. माझी एकदा राहिली होती. ते आईला अजून माहीत नाही.