दुष्काळात कोण मरतं आणि का, हे मत नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने लिहिलं आहे की, समाजशास्त्रं आणि अर्थशास्त्र यांत सिद्धान्त असा काही नसतो. ज्याचं त्याचं मत असतं आणि सोयीची आकडेवारी जोडली की त्यालाच संशोधन म्हणतात. महाविद्यालयांतून हे विषय कमी होत असतील तर कुणी हळहळू नये, असंही त्यांचं म्हणणं आहे. मी करमाळ्यात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. हाच प्रश्न बारावीची मुलं वर्गात विचारायची, आणि मी त्यांना पुस्तकातली व्याख्या न सांगता बंगालच्या 1943 च्या दुष्काळाची हकिगत सांगायचे. तीच इथे सांगते, कारण तिचा एक धागा थेट आपल्या बाहत्तरच्या दुष्काळापर्यंत येतो.

बंगालमध्ये त्या साली वीस ते तीस लाख माणसं दगावली. सरकारने चौकशी आयोग नेमला, 1945 मध्ये त्याचा अहवाल आला आणि तांदळाचा तुटवडा हे मुख्य कारण ठरलं. वादळ, भातावरचा रोग, जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिथून बंद झालेली आवक, हे सगळं खरंच घडलं होतं. धान्य कमी पडलं, म्हणून माणसं मेली. यात कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी विचारलं. दुष्काळ पडला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि शांतिनिकेतनात राहत होते. पण लहानपणी पाहिलेल्या भुकेने सिद्धान्त होत नाही. तसं असतं तर आमच्या तालुक्यात घरटी एक सिद्धान्तकार निघाला असता. तीसेक वर्षांनी त्यांनी पुरवठ्याचे आकडे पुन्हा मांडले. 1943 मध्ये बंगालमधलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम 5 टक्क्यांनी कमी होतं, आणि 1941 पेक्षा तर सुमारे 13 टक्क्यांनी जास्त. 1941 मध्ये मात्र दुष्काळ नव्हता. तुटवडा हेच कारण असेल, तर कमी धान्याच्या वर्षी माणसं जगली आणि जास्त धान्याच्या वर्षी मेली, हे कसं?

कारण म्हणून जे सांगितलं जातं ते दुसरीकडे हजर असूनही परिणाम दिसत नाही, अशी जागा शोधणं ही या कामाची पहिली पायरी. यात मताचा भाग कुठे आहे, ते त्या वाचकांनी मला दाखवावं.

दुसरी पायरी मला जास्त मोलाची वाटते. 'किती मेले' इथे न थांबता सेन 'कोण देशोधडीला लागले' इकडे वळले. त्यासाठी लागणारी माहिती त्यांच्या आधी दुसऱ्यांनी गोळा करून ठेवली होती. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळ सरताच गावोगाव पाहणी करून कुठल्या धंद्यातली कुटुंबं किती खचली याची नोंद केली होती. त्या तक्त्यांत सर्वांत जास्त झळ बसलेले लोक होते मच्छीमार, वाहतुकीची कामं करणारे, भात कांडणाऱ्या बाया आणि शेतमजूर. स्वतःची शेती करणारे आणि बटाईदार त्या मानाने तगले होते.

बटाईदार आणि शेतमजूर यांची तुलना मी वर्गात फळ्यावर मांडायचे. दोघेही गरीब, दोघांच्याही नावावर जमीन नाही, एकाच गावात शेजारी राहणारे. फरक एवढाच की बटाईदाराच्या वाट्याला भात येतो आणि मजुराच्या हातात पैसे. महायुद्धाच्या खर्चामुळे कलकत्त्यात पैसा ओतला जात होता, शहरातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्याची हमी होती, आणि त्याच वेळी गावच्या बाजारात तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेला. मजुरी त्या मानाने हललीच नाही. बटाईदाराचा भात भातच राहिला. मजुराच्या पैशात मात्र पूर्वीच्या निम्मा तांदूळही येईना. मच्छीमाराच्या मासळीची, न्हाव्याच्या कामाची तीच गत झाली. घरात चूल पेटायची पंचाईत असताना दाढी-कटिंगला कोण जाणार?

यातून जे स्पष्टीकरण उभं राहिलं त्याला हक्कदारीचा सिद्धान्त म्हणतात. प्रत्येक माणसाकडे काहीतरी असतं : जमीन, जनावरं, कसब, नुसते दोन हात. ते देऊन बाजारात, मालकाकडे किंवा सरकारकडून त्याला किती धान्य मिळू शकतं, यावर तो जगणार की नाही हे ठरतं. गोदामं भरलेली असतानाही ही देवाणघेवाण मोडली की माणूस उपाशी राहतो. 1976 मध्ये सेन यांनी हे मांडलं ते मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त. सविस्तर पुस्तक 1981 चं.

"मॅडम, यात नवीन काय? पैसा नसला की माणूस उपाशी राहतो, हे आमच्या आजीलाही माहीत आहे," असं मुलं म्हणायची. आजीला माहीत होतं, हे अगदी खरं. पण आजीच्या त्या माहितीवरून पुढच्या दुष्काळात आधी कोण कोसळेल हे सांगता येतं का, आणि आपण सांगितलं ते चुकलं तर कळेल का, हा प्रश्न आहे. सिद्धान्ताला ते करावं लागतं. इथिओपियातल्या वोलो प्रांतात 1973 मध्ये पीक बुडालं, माणसं मेली. पण तिथल्या देसी या शहराच्या बाजारात धान्याचे भाव फारसे चढलेच नाहीत. नुसत्या तुटवड्याच्या हिशेबात हे बसत नाही. लोकांच्या हातात खरेदीला काहीच उरलं नव्हतं असं धरलं तर बसतं. बांगलादेशात 1974 मध्ये माणशी धान्य आगेमागेच्या वर्षांपेक्षा जास्तच होतं. पुराने आधी हिरावली ती शेतावरची मजुरी, आणि मेले ते प्रामुख्याने मजूरच.

आता आपल्याकडे येते. वरची उदाहरणं एका बाजूची झाली : धान्य होतं आणि माणसं मेली. सिद्धान्ताची खरी कसोटी उलट बाजूने लागते. धान्य खरोखरच संपलं आणि तरी माणसं तगली, असं कुठे घडलं का? ते महाराष्ट्रात घडलं, 1972-73 मध्ये. त्या वर्षी राज्यातलं धान्याचं पीक नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेलं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा दिसलं की त्याच काळात आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात दुष्काळाने माणसं मरत होती, आणि आपल्याकडे माणशी धान्य तिथल्यापेक्षाही कमी होतं. तरीही इथे भूकबळींची लाट आली नाही.

कारण दुष्काळी कामं. मे 1973 मध्ये राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं खडी केंद्रांवर, नालाबंडिंगवर, पाझर तलावांवर राबत होती. त्यांतली एक माझी आई. तिच्या कामाची मोजणी कशी व्हायची हे ती शेवटपर्यंत नीट सांगू शकायची : खोदलेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवायचा, कारण मूळ जमीन किती उंच होती याची तीच खूण. मोजणीला साहेब आले की त्या खुंटावरून खोली, मग टेप लावून लांबी-रुंदी, मग मस्टरवर अंगठा. मजुरी तुटपुंजी होती आणि वेळेवर मिळायची नाही. मुलांना सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. तो खाऊन पोटं बिघडायची. हाल फार झाले. ते दिवस सुखाचे होते असं या पत्रातून कुणी वाचू नये.

पण हातात थोडे का होईना पैसे आले, आणि पैशामागे धान्य आलं. त्या काळात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य न्यायला खासगी व्यापाऱ्यांना बंदी होती, तरी ते चोरवाटांनी येत राहिलं, कारण इथे घेणारा होता. सेन यांचा हिशेब इथे उलट्या बाजूने जुळतो, आणि म्हणूनच मला तो पटतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण संशोधकांचं कौतुक करताना ती विसरली जाते. काम देऊन दुष्काळ हटवण्याची युक्ती सिद्धान्तातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज सरकारच्या दुष्काळ-संहितांमध्ये ती होती. आपल्याकडे वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला, तेव्हा सेन यांचा लेख यायला दहा-अकरा वर्षं बाकी होती. रोजगार हमीचा कायदा झाला 1977 मध्ये आणि अंमलात आला 26 जानेवारी 1979 ला, पुस्तक त्यानंतरचं. पागे यांना काम द्यायला हवं हे उमगलेलं होतं. सिद्धान्ताने त्यात भर घातली ती ही की, ते का चालतं, कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही हे सांगता येऊ लागलं. जिला टिकाव उचलवत नाही त्या म्हातारीला, आजाऱ्याला, बाळंतिणीला कामाची हमी पुरत नाही, हे त्याच तर्काने निघतं.

आणि सिद्धान्त मांडला म्हणजे वाद मिटला असंही नाही. पीटर बाउब्रिक यांनी 1986 मध्ये सेन यांच्या आकड्यांवर कडक टीका केली. इतिहासकार मार्क टाउगर यांनी दाखवलं की बंगालच्या पिकाचे सरकारी अंदाज मुळातच भरवशाचे नव्हते, आणि 1942 च्या भाताचं बुरशीने केलेलं नुकसान समजलं जातं त्याहून मोठं होतं. त्यांचं खरं ठरलं तर 1943 च्या 5 टक्क्यांचा पायाच हलतो. संशोधक अॅलेक्स द वाल सुदानच्या दारफुरमध्ये 1984-85 च्या दुष्काळानंतर गावोगाव फिरले. त्यांना दिसलं की जनावर आणि बियाणं राखण्यासाठी लोक मुद्दाम उपाशी राहत होते, आणि जास्त मृत्यू भुकेपेक्षा घाण पाण्यातून पसरलेल्या रोगांनी झाले. ते मला लगेच पटलं. आमच्या घरी बाहत्तरला शेळ्या मातीमोल विकल्या, पण बैलजोडी ठेवली. आई-वडील अर्धपोटी राहिले आणि कडबा विकत घेतला. बैल गेले तर पाऊस पडल्यावर पेरायचं कशाने, हा त्यांचा हिशेब होता. आजच्या धान्याचाच हिशेब मांडणाऱ्या सिद्धान्तात पुढच्या खरिपासाठी सोसलेली ही भूक मावत नाही. म्हणून तो टाकून द्यायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो, आणि तशी दुरुस्ती चालूही आहे.

ही जुनी गोष्ट झाली, आज तिचा उपयोग काय, असं विचाराल तर बीडकडे पाहा. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्या 2019 मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या. कुणी म्हणालं डॉक्टरांचा लोभ, कुणी म्हणालं मुकादमाकडून घेतलेली उचल आणि पाळीमुळे पडणाऱ्या खाड्याचा दंड, कुणी म्हणालं लवकर लग्नं आणि वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी. तिन्ही कारणं ऐकायला खरी वाटतात. मग त्यांची पारख करायची ती अशी : केवळ डॉक्टरांचा लोभ असेल, तर त्याच गावात राहणाऱ्या, त्याच दवाखान्यात जाणाऱ्या, पण कोयत्यावर न जाणाऱ्या बायकांमध्येही प्रमाण तेवढंच दिसायला हवं. खाडा हे कारण असेल, तर शस्त्रक्रिया हंगामावर निघण्याच्या आधी वाढलेल्या दिसायला हव्यात. अंगावर काढलेलं दुखणं असेल, तर शस्त्रक्रियेआधीची वर्षं त्या बाईने कशी काढली हे तिलाच विचारावं लागेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एका कारणासाठी कायदा हवा, दुसऱ्यासाठी मुकादमाशी होणारा करार बदलायला हवा, तिसऱ्यासाठी फडावर नर्स हवी. कारण चुकीचं धरलं तर ही बाई पुढच्या हंगामातही तशीच राहील. म्हणून मला 'हे सगळं ज्याचं त्याचं मत' असं म्हणणं नुसतं चूक नाही, तर धोक्याचं वाटतं.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक मागणी आहे. महालनोबिसांच्या पाहणीचे तक्ते कुणी जपले नसते तर सेन यांच्या हाती काय लागलं असतं? आपल्या तालुक्या-तालुक्यांत बाहत्तरची मस्टर, तगाईच्या नोंदी, कामांच्या मोजमापवह्या हे सगळं जुना कागद म्हणून रद्दीत जाण्याच्या वाटेवर आहे. बरंच गेलंही असेल. जे उरलंय ते जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचावं यासाठी आपण लिहावं. आणि दुष्काळी कामांवर गेलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर भागातल्या महाविद्यालयांनी त्यांच्याकडे मुलांना पाठवावं. 'तेव्हा काय वाटलं' एवढंच विचारून परत येऊ नये. शेळी कितीला विकली आणि त्यात ज्वारी किती पायल्या आली, मजुरी किती आठवड्यांनी मिळाली, घरात आधी कुणाचं जेवण कमी झालं, काय विकलं आणि काय विकायचं नाही असं ठरवलं, हे विचारावं आणि लिहून ठेवावं. प्रश्नावली तयार करायला मी आनंदाने मदत करीन.

आपली,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षिका
करमाळा, जि. सोलापूर