डोंबिवलीच्या सुमनला, काटा हलत नाही म्हणून

नाशिक, रविवार रात्र

प्रिय सुमन,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवते. दिवाळीपासून वजनाचा काटा ७१ किलोवर अडकलाय आणि आता तू रात्रीचं जेवण बंद करायच्या विचारात आहेस, एवढं कळलं. ते जेवण बंद करू नकोस. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

पहिले तीन-चार किलो भराभर उतरले तेव्हा तू पेढे वाटायच्या बेतात होतीस. त्यातलं बरंचसं पाणी होतं गं. खाणं कमी झालं की शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा काढतं, आणि त्या साठ्याच्या एकेका ग्रॅमने तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. ते वाहून गेलं की मग चरबीची पाळी, आणि ती सावकाशच जाते. शिवाय ७९ किलोच्या सुमनला जिना चढायला जेवढी ताकद लागायची तेवढी ७१ च्या सुमनला लागत नाही. वर पगार कमी झाल्यावर घरात जशी न सांगता काटकसर सुरू होते, तशी शरीरही करतं. दुपारी आडवं व्हावंसं वाटतं, फडताळातला डबा लेकाला काढायला सांगितला जातो, स्टेशनवरून चालत यायच्या ऐवजी हात रिक्षाला जातो. तुझ्या ध्यानातही येत नाही. आणखी उपास केलेस तर ही काटकसर वाढेल आणि चरबीबरोबर स्नायूही जातील.

‘वय झालं, मेटाबॉलिझम बसलं’ हे पालुपद मात्र आता पुरे. २०२१ साली ‘सायन्स’ या संशोधनाच्या नियतकालिकात मोठा अभ्यास आला, २९ देशांतल्या सहा हजारांवर माणसांचा. शरीराचा आकार आणि स्नायू-चरबीचं प्रमाण जमेस धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच राहतो. पुढे उतरतो, तोही हळूहळू. आपलं बिनसतं ते स्नायूंपाशी. वापरले नाहीत तर तिशीनंतर ते झिजायला लागतात. त्यात पाळी जायच्या सुमारास चरबी मांड्या सोडून पोटावर मुक्कामाला येते. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे तू-मी दोघी त्यातच.

आणि आपण भारतीय! पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आता सांग, नुसत्या वजनावरून काय ओळखणार? शिलाईच्या डब्यातली टेप काढ आणि कंबर मोज. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता (तू ओढणारच). आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावं म्हणतात. माझा काटा जागचा हलत नव्हता तेव्हाही टेप उतरत होती, ब्लाउज आत घ्यावे लागले.

तुझ्या ताटाचा हिशेब केला. चहा-बिस्किट, पोहे, दोन पोळ्या-भाजी, पातळ वरण, रात्री सूप. यात प्रोटीन पस्तीस ग्रॅमसुद्धा भरत नाही. किलोमागे एक ग्रॅम धरलं तरी तुला सत्तर हवं. किडनीची तक्रार नाही ना, मग वाढव. दोन अंड्यांत बारा ग्रॅम मिळतात, पन्नास ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांतही तेवढेच. वरण घट्ट कर. आणि कमी कुठे करायचं, तर तेल आणि दाण्याचा कूट. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि आपण कूट कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत डोळे मिटून घालतो. महिन्याला तेलाच्या किती पिशव्या लागतात ते एकदा बघ, मला धक्काच बसला होता.

मिसळीचं विचारलंस. नाशकात राहून मिसळ सोडणारी बाई मी नव्हे. रविवारी मटकी जास्त, फरसाण नावाला, पाव एकच. जिलेबी येतेच सोबत, ती ह्यांच्या ताटात सरकवते.

रोज पाऊण तास चालतेस ते सोडू नकोस, पण तेवढ्याने भागत नाही. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी बघावं तर आपल्या वयाच्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं फेऱ्या घालतात आणि आहेत तशाच राहतात. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याबरोबर निदान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम सांगते. मी जिमला जाते. शिकवणारा मुलगा माझ्या लेकाएवढा, ‘काकू, अजून दोन’ म्हणून छळतो. तुला घरीच जमेल. कुकर लावला की खुर्चीसमोर उभी राहा, हात छातीवर बांध, खुर्चीला जेमतेम टेकून परत उठ. गुडघे आत वळू देऊ नकोस. दहा वेळा सहज जमायला लागलं की पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धर. ओट्याला हात टेकून दंड काढ. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, नाहीतर नुसता देखावा. पांडवलेणीच्या पायऱ्या मी आता मध्ये न थांबता चढते, आणि याचं मला वजनापेक्षा जास्त कौतुक आहे.

झोपेचं तू टाळलंस. रात्री घामाने जाग येते, मग दीडला फरसाणाचा डबा. त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल. त्याच खेपेला टीएसएच तपासून घे, थायरॉइडचं निघालं तर हा सगळा खटाटोप एकटीच्या जोरावर करण्यात अर्थ नाही.

शुक्रवारपर्यंत कमरेचा आकडा कळव. वजनाचा विचारलेला नाही.

तुझी,
विजू

ता. क. तुला बीपीची गोळी चालू आहे. पिशवी घेऊन उठताना श्वास रोखू नकोस, उठताना सोडायचा.