‘मास्टर स्विच’ हा शब्द मागे घ्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या अंकातला टी पेशींवरचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरचा, लेख वाचला. ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांच्या २०२५ च्या नोबेलला आपण अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण फॉक्सपी-३ ला (हे जनुक आणि त्याच नावाचे त्याचे प्रथिन) ‘प्रतिकारशक्तीचा मास्टर स्विच’ म्हणून लेखकाने विषयाचा गाभाच घालवला.

या ‘चालू-बंद’च्या भाषेवर माझा राग आहे, कारण तिने माझी दोन वर्षे खाल्ली. अकरा वर्षांपूर्वी माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी सुरू झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “टॅक्रोलिमस तुमची प्रतिकारशक्ती बंद करते.” बंद म्हणजे बंद, असेच मी समजलो. नात रांगायला लागली, चालायला लागली, मी संसर्गाच्या भीतीने तिला दारातूनच पाहत होतो. शेवटी तपासणीच्या दिवशी एका निवासी डॉक्टर मुलीने केसपेपरच्या मागे चित्र काढून मला समजावले.

टी पेशीला परके काही ओळखू आले की आत कॅल्शियम वाढते, त्याने कॅल्सिन्युरिन नावाचे विकर (एन्झाइम) जागे होते. ते एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते आणि एनफॅट केंद्रकात शिरते. पण एकट्याची त्याची डीएनएवरची पकड ढिली असते. इंटरल्यूकिन-२ (टी पेशींना वाढायला सांगणारे प्रथिन) च्या जनुकापाशी त्याला एपी-१, म्हणजे फॉस आणि जून ही प्रथिने, यांची साथ लागते आणि ती, परके ओळखण्याशिवाय पेशीला मिळावा लागणाऱ्या दुसऱ्या संदेशावाचून, नीट मिळत नाही. तिघे डीएनएवर एकमेकांना बिलगून बसले की मग जनुक जोरात चालते. ही रचना १९९८ मध्ये स्फटिकात प्रत्यक्ष दिसली. एपी-१ आलेच नाही, तर तेच एनफॅट पेशीला सुस्त करणारी जनुके चालवते. आणि फॉक्सपी-३? नियामक, म्हणजे इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या, टी पेशीत तेही याच एनफॅटशी जोडी जमवते आणि इंटरल्यूकिन-२ दाबले जाते, हे २००६ मध्ये दाखवले गेले. एनफॅट तेच, शेजारी बदलला की काम उलटे. यात मास्टर कोण?

माझी गोळी कॅल्सिन्युरिनला अडवते, म्हणून एनफॅट केंद्रकाबाहेर थांबते. संसर्गाचा धोका वाढतो, मी जपतोच. पण शरीराचे सगळे रक्षण बंद पडत नाही. त्या संध्याकाळी नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतले.

काल रात्री आमच्या प्रत्यारोपण झालेल्यांच्या गटावर एका तरुणाने आपला लेख टाकून विचारले, “स्विच सापडलाय, मग गोळ्या अजून किती दिवस?” त्याला समजावता समजावता मध्यरात्र झाली. असा मुलगा मनानेच गोळी सोडतो आणि मूत्रपिंड गमावतो. लेखकाने हा विचार करायला हवा होता.

आणखी एक. एकाच लेखात जनुकाचे नाव तीन प्रकारे छापले आहे. एका ठिकाणी तर फॉक्सपी-२ आहे. ते वेगळेच जनुक, त्याचा संबंध बोलण्याशी आणि भाषेशी. विज्ञानाच्या पानाचे मुद्रितशोधन कोणी करत नाही का?

दुरुस्ती त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत यावी. तो केसपेपर मी जपून ठेवला आहे. चित्र छापणार असाल तर झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक वाचक
(कृपया नाव छापू नये)